चौथ्या स्तराचा माणूस

२ मार्च, सोमवार
आज ऑफिसात मोठी घडामोड. मोठ्या मॅडमनी आमच्या कक्षातल्या सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. वर्गीकरणाची नवी आवृत्ती निघणार. देशातल्या यच्चयावत कामांना पुन्हा स्तर मिळणार, एक ते चार. आणि या खेपेला आमच्या स्वतःच्या पदांनाही! इतकी वर्षं आम्ही जगाचं माप काढलं, आता आमचं निघणार.

थोडक्यात लिहून ठेवतो. पहिला स्तर म्हणजे एकदा करून दाखवलं की जमतं ते काम. दुसरा म्हणजे वाचता यावं, मशीन किंवा गाडी चालवता यावी. तिसरा म्हणजे तांत्रिक, शिकून येणारं. चौथा म्हणजे गुंतागुंतीचे निर्णय, कल्पकता, डोकं. माझा कुठला, हे रोजनिशीत लिहायची गरज नाही.

(चौथा.)

आमच्या पदाला निदान तिसरा मिळाला तर 'मुख्य वर्गीकार' अशी नवी जागा होणार. स्वतंत्र खोली, दाराला नाव. कुणाला द्यायची ते मॅडम बोलल्या नाहीत, पण बोलताना दोनदा माझ्याकडे बघितलं. एकदा तर बराच वेळ. घरी आल्यावर कळलं, शर्टाचं बटण उघडं होतं. पण पहिल्यांदा बघितलं ते खोलीसाठीच.

आपल्या कामाचं एक पान वर्णन लिहून द्यायचं आहे. महिनाअखेरपर्यंत. माझं आजच होईल.

३ मार्च, मंगळवार
काल झालं नाही. पेन नीट चालत नव्हतं.

आज चांगलं पेन आणलं. पहिलं वाक्य लिहिलं: 'सदर पदाचे काम शब्दांत मांडणे अवघड आहे.' वाक्य इतकं पटलं की पुढे काही सुचेना.

४ मार्च, बुधवार
काम खरोखर अवघड आहे. सर्वेक्षणात 'आपण काय काम करता?' असा प्रश्न असतो. लोक त्यापुढे जे काही खरडतात ते वाचायचं आणि त्याला योग्य तो कोड द्यायचा. कोडवरून स्तर ठरतो. ऐकायला सोपं वाटतं. आज आलेली उत्तरं अशी:

'सगळं बघतो.'
'साहेबांचा माणूस.'
'जावई.'
'विचारू नका.'

आता करा वर्गीकरण! अशा वेळी अनुभव लागतो. मी चौघांनाही 'इतरत्र न मोडणारे' हा कोड दिला. हा कोड माझ्याइतक्या आत्मविश्वासाने अख्ख्या खात्यात कोणी वापरत नाही. मॅडमनी एकदा मीटिंगमध्ये हेच बोलून दाखवलं होतं. सगळे हसले होते. कौतुकाने.

शेजारच्या टेबलावरच्या आवक-जावकवाल्याने स्वतःचं वर्णन देऊनही टाकलं. तीन ओळी. पत्र येतं, नोंद करतो, पाठवतो. बिचारा. महत्त्वाकांक्षा म्हणून नाही.

८ मार्च, रविवार
मेहुणा सहकुटुंब जेवायला. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. उंच इमारतींच्या कामावर क्रेन चालवतो. तब्येत चांगली, हसणं मोठं, आणि मुलांना उगाचच आवडतो. जेवताना मी विषय काढला. म्हटलं, तुला माहीत आहे का, आमच्या पुस्तकात क्रेनचालक दुसऱ्या स्तरात आहे.

वाटलं होतं, घास अडकेल. तो म्हणाला, असं होय? दाजी, मला वाटलं पहिल्यात असेन. आणि आमटी वाढून घेतली.

मग मी स्तरांतला फरक समजावून सांगितला. दोनदा सांगितला. तो म्हणाला, वर वारा सुटला की कुठल्या स्तरातला आहे ते आठवत नाही, खाली कोण उभं आहे तेवढंच आठवतं. मग म्हणाला, सलग बसून बसून आता पाठ धरते, बदली माणूस दिला तर बरं होईल, पण कंपनी म्हणते नियमात बसत नाही.

बायको मध्येच म्हणाली, अहो, त्याला जेवू द्या. आणि मग मला विचारलं की तिचा कुठला.

ती पालिकेच्या तलावावर पोहायला शिकवते. ज्येष्ठ नागरिक आणि पाण्याला घाबरणारे. मी म्हणालो, बघून सांगतो.

मागेच बघितलंय. तिसरा. घरात शांतता राहावी म्हणून सांगितलेलं नाही.

१० मार्च, मंगळवार
वर्णन आता अकरा पानांचं झालंय. मॅडम एक पान म्हणाल्या होत्या, पण ती मर्यादा साध्या पदांसाठी असणार. 'निर्णय' हा शब्द सदतीस वेळा आलाय. 'सखोल' जरा कमी पडतोय. उद्या वाढवायचा.

संकल्प: रोज सकाळी लवकर उठून दोन पानं. उठल्या उठल्या डोकं ताजं असतं.

११ मार्च, बुधवार
उशिरा उठलो. डोकं ताजं होतं, पण बस चुकली.

१३ मार्च, शुक्रवार
मॅडमनी मुख्यालयाची पद्धत सांगितली. नुसतं वर्णन पुरणार नाही. प्रत्येक पदावर बाहेरचा एक माणूस पाठवणार. त्याला काम शिकवायचं. तो एकट्याने करू लागेपर्यंत किती वेळ लागतो त्यावर स्तर ठरणार.

विचारलं, तुमच्या पदाला किती वेळ लागेल असं वाटतं? आवक-जावकवाला म्हणाला, दोन दिवस. मी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणालो, दीड वर्ष. शिकणारा हुशार असेल तर.

मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांना आकडा पेलला नसावा.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिने विचारलं, एखाद्याला पाण्यात सोडायचं की नाही हे कसं ठरवतात तुमच्या मुख्यालयात? मी म्हणालो, हा वेगळा विषय आहे.

१६ मार्च, सोमवार
शिकाऊ आली. मला वाटलं होतं, एखादी पदवीधर पाठवतील. आल्या या बाई, वय माझ्याएवढंच. बरीच वर्षं बुटांच्या दुकानात विक्रीला होत्या, दुकान बंद झालं म्हणून इकडे हंगामी. मनातल्या मनात नाव ठेवलं: बूटवाल्या बाई. प्रचंड बडबड. आल्या आल्या माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, एक नंबर लहान घालता तुम्ही. मी म्हणालो, आपण कामाचं बोलू.

कामाचं म्हणजे आधी इतिहास. वर्गीकरण का आलं, कसं आलं, आधीच्या आवृत्त्यांमधले मतभेद. सकाळभर बोललो. कल्पनेपेक्षा छान झालं. मध्येच दिसलं, बाई पुस्तक उघडून मागची सूची चाळतायत. म्हटलं, घाई नको. सूचीपर्यंत आपण मे महिन्यात येऊ.

बाई म्हणाल्या, बरं. आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या गठ्ठ्यातले फॉर्म उचलून वेळ जायला म्हणून कोड घालत बसल्या.

तपासले. बरोबर होते. सगळे. नवशिक्यांचं नशीब.

१७ मार्च, मंगळवार
आज मुद्दाम अवघड गठ्ठा दिला. 'जावई', 'विचारू नका' वगैरे. म्हटलं, करा. आणि निवांत चहाला गेलो.

परत येतो तर बाई फोनवर! हसतायत, बोलतायत, जणू माहेरी फोन लावलाय. विचारलं, हे काय? म्हणाल्या, फॉर्मवर नंबर आहे की, विचारून घेते.

नंबर असतो, हे खरं. मी तो आजवर गोपनीय मानत आलो.

तर तो 'जावई' सासऱ्याचा चष्म्याच्या काचा घासायचा कारखाना सांभाळतो. 'सगळं बघतो' हा एका शाळेचा वॉचमन, आणि खरंच सगळं बघतो. 'विचारू नका' ही गटारांची इंजिनिअर. जेवताना कुणी विचारलं आणि तिने सांगितलं की पुढच्याची भूक जाते, म्हणून तसं लिहिलं. कोड गेला थेट चौथ्या स्तरात.

मी म्हणालो, पद्धत चुकीची आहे. बाईंनी विचारलं, का? मी म्हणालो, ते मे महिन्यात येईल.

१८ मार्च, बुधवार
रणनीती. शिकणं खूप भराभर होतंय. यात दोष माझाच. मी फार चांगलं शिकवतो. उद्यापासून कमी चांगलं शिकवायचं.

२० मार्च, शुक्रवार
काल दिवसभर एक अक्षर शिकवलं नाही. बाईंचा वेग वाढला.

आज कंबर धरली. खरोखर धरली, नाटक नाही. कपाटावरून जुन्या आवृत्त्या काढायला गेलो होतो, बाईंना आणखी अवघड काहीतरी द्यावं म्हणून. आवक-जावकवाल्याने आणि बाईंनी मिळून मला रिक्षात बसवलं. बाई म्हणाल्या, कामाची काळजी करू नका. मला हसू आलं, पण कंबरेमुळे हसता आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, आठवडाभर झोपून राहा. छान. माझ्याशिवाय कक्षाचं काय होतं ते आता मुख्यालयालाही दिसेल. माणसाची किंमत तो नसताना कळते.

२३ मार्च, सोमवार
ऑफिसातून फोन नाही. अडून बसले असतील, पण मला त्रास नको म्हणून करत नसतील.

पडल्या पडल्या वर्णन चौतीस पानांवर नेलं. बायको तलावावरून येते तेव्हा तिला एकेक पान वाचून दाखवतो. आज मधेच झोपली. दिवसभर पाण्यात असते.

२५ मार्च, बुधवार
मीच फोन केला. आवक-जावकवाला म्हणाला, सगळं उत्तम चाललंय, तुम्ही आराम करा. आवाजात ताण होता. किंवा तोंडात बिस्किट.

३० मार्च, सोमवार
कामावर हजर. आधी वाटलं, चुकीच्या खोलीत आलो.

माझं टेबल दिसत होतं. म्हणजे टेबलाचा पृष्ठभाग. गेली कित्येक वर्षं त्यावर फॉर्मचे गठ्ठे होते, त्यांच्यामागे मी बसायचो. आज गठ्ठे नाहीत. एकही नाही. टेबल हिरवं आहे. मला ते तपकिरी आठवत होतं.

थोडा वेळ उभाच राहिलो. बाई म्हणाल्या, बसा ना. मी माझ्याच खुर्चीत पाहुण्यासारखा बसलो. म्हणालो, छान केलंत. त्या म्हणाल्या, काम छान आहे हो तुमचं, रोज नवी माणसं भेटतात. मला मात्र इतक्या वर्षांत कोणी भेटलं नाही.

हे वाक्य खोडायचं होतं. राहू दे.

मग त्यांनी सहीसाठी फाइल पुढे केली. संघटनांनी, कंपन्यांनी आपापल्या कामाचा स्तर बदलून मागितला होता, त्यावरचे आमच्या कक्षाचे अभिप्राय. बाईंनी फोन करून, माहिती घेऊन तयार केले होते, सही माझी लागते. सह्या केल्या. वाचत बसलो असतो तर वर्णन द्यायचं राहिलं असतं. उद्या शेवटची तारीख.

३१ मार्च, मंगळवार
वर्णन दिलं. मॅडमनी दोन्ही हातांनी उचललं, खाली ठेवलं. म्हणाल्या, एक पान म्हणाले होते. मी म्हणालो, मॅडम, पहिल्या पानावर सारांश आहे. सारांश चार पानांचा आहे हे त्यांना नंतर कळेलच.

शांतपणे विचार करता परिस्थिती माझ्या बाजूने आहे. बाई लवकर शिकल्या, हे खरं. पण कोणी शिकवलं? असा शिक्षक दुसऱ्या स्तरात बसेल का? उलट दीड वर्षाचं काम इतक्या लवकर शिकवणं हीच कल्पकता. आणि कल्पकता म्हणजे चौथा.

घरी हे समीकरण बायकोला मांडून दाखवलं. तिने कंबरेला मलम लावलं आणि म्हणाली, वेगळी खोली मिळाली तर तिथे कोणाशी बोलाल? या प्रश्नाचा रोख कळला नाही.

३ एप्रिल, शुक्रवार
नवीन शर्ट घेतला. खोलीत शोभेल असा. दाराच्या पाटीचंही विचारून आलो. पितळी सुंदर दिसते.

८ एप्रिल, बुधवार
निकाल.

आमचं पद: स्तर दोन. 'सर्वसाधारण कारकुनी.' शेरा: 'शिकण्यास लागलेला वेळ: जेवणाची सुट्टी.'

मी मॅडमना म्हणालो, हे चुकून पडलंय. त्या म्हणाल्या, मीही तेच विचारलं मुख्यालयाला. नाही, चुकून नाही. मग त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. म्हणाल्या, तुमच्याइतकं कोणी पुस्तक पाठ केलेलं नाही, हे मला माहीत आहे. पण कोड देण्याआधी माणसाला विचारावं लागतं, आणि ते तुम्हाला आवडत नाही. मग म्हणाल्या, तळमजल्यावर चौकशीची खिडकी रिकामी आहे, काही महिने तिथे बसा. लोक येतील, विचारतील. सवय होईल. वर बाई बघतील.

मी पाणी प्यायलो. गार होतं.

मुख्य वर्गीकार हे पद होणार नाही. आवक-जावकवाला मला खालपर्यंत सोडायला आला. त्याचाही स्तर दोनच. तो खुशीत होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटलं मी अभिनंदन करतोय, त्याने माझंही केलं.

९ एप्रिल, गुरुवार
घरी अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगायचं. योग्य शब्दही हवेत. 'जनसंपर्क' चालेल.

११ एप्रिल, शनिवार
संध्याकाळी मेहुणा आला. एकटाच. बूट दारात काढले आणि सरळ आत येऊन माझे दोन्ही हात हातात घेतले. मला वाटलं, माझ्या निकालाचं कळलं. म्हणालो, अरे, चालायचंच.

तो म्हणाला, चालायचंच काय दाजी, संघटनेतल्या सगळ्यांनी तुम्हाला निरोप दिलाय. क्रेनचालकाचा तिसरा स्तर झाला. तिसऱ्यात आलं की उंचीवरच्या कामाला बदली माणूस द्यावाच लागतो, नियमच आहे. परवापासून मला मध्ये उतरायला मिळतंय. पाठ सरळ करून खाली चहा पितो. कागद आला त्याच्या खाली तुमची सही आहे, मी सगळ्यांना दाखवली. हे आमचे दाजी म्हणून.

मी बायकोकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. लग्नाच्या वेळी बघितलं होतं तसं. कदाचित तेव्हाही नव्हतं.

इथे खरं सांगता आलं असतं. सह्या न वाचता केल्या, अभिप्राय बाईंचा, माझं मत 'दुसरा, निश्चित' असं होतं. तोंड उघडलंही. मेहुणा म्हणाला, त्या दिवशी जेवताना तुम्ही दुसरा दुसरा करत होता तेव्हा मला वाटलं चिडवताय. म्हणजे तुम्ही आमची केस तपासत होतात होय?

मी म्हणालो, तपासावं लागतं.

तो रडतो की काय असं वाटलं, म्हणून त्याला चहा दिला. मी स्वतः केला. साखर विसरलो. तरी तो दोन कप प्यायला.

१२ एप्रिल, रविवार
विचार करता, फाइल मी तशी वाचली होती. वरवर. पण अनुभवी माणसाचं वरवरही बरंच खोल असतं.

दुपारी बायकोला तळमजल्याचं सांगितलं. 'जनसंपर्क' म्हणालो. ती म्हणाली, तुमच्या ऑफिसातल्या त्या बुटांच्या दुकानातल्या बाई तलावावर येतात, सोमवारपासून पोहणं शिकतायत, त्यांनी परवाच सांगितलं. फक्त तेवढंच म्हणाली. मग म्हणाली, खिडकीत वारं येतं का? स्वेटर न्या.

२० एप्रिल, सोमवार
खिडकीवर दिवसभर. लोक फार प्रश्न विचारतात. पुस्तकातून वाचून दाखवलं तर ते पुस्तकाकडे नाही, माझ्याकडे बघतात. एका आजोबांनी विचारलं, चाळीस वर्षं पूल रंगवले, मी काय? मी कोड सांगितला. ते म्हणाले, ते नाही, कुठले पूल ते विचार ना. विचारलं. तासभर सांगत होते. रांग वाढली. पण कोणी कुरकुर केली नाही, सगळे ऐकत होते.

घरी यायला उशीर झाला. पूल पाच होते.

२६ एप्रिल, रविवार
सकाळी सर्वेक्षणवाला दारात. नव्या आवृत्तीसाठी घरोघरी फिरतायत. बायकोने दार उघडलं. मी आतूनच ओळखलं. इतकी वर्षं मी लोकांची उत्तरं वाचली, आज माझं उत्तर कोणीतरी लिहून घेणार. तयारीशिवाय बाहेर जाणं बरं नव्हे. नवा शर्ट घातला. बटणं तपासली. आरशासमोर वाक्य जुळवलं. 'विश्लेषण' घ्यावं की 'मार्गदर्शन' यात जरा वेळ गेला. शेवटी दोन्ही घेतले.

बाहेर आलो तर तो गेलेला. टेबलावर दोन रिकामे कप.

बायकोला विचारलं, माझ्यापुढे काय लिहिलंस? म्हणाली, नोकरी. तो म्हणाला, एवढं पुरे.

विचारलं, मग इतका वेळ काय चाललं होतं? म्हणाली, माझं लिहून घेत होता. त्याच्या आईला पाण्याची भीती वाटते.

शर्ट काढून हँगरला लावला. उद्या सोमवार, खिडकी नऊला उघडते.